खुडूक कोंबडीचं जाकीट

७ डिसेंबर २००३, रविवार

आज तांबडी गेली. दिवाळीपासूनची ही चौथी. रस्ता रुंद करणाऱ्यांनी आमचं निम्मं अंगण घेतलं, तेव्हापासून उंबरा ओलांडला की हायवेच लागतो. पलीकडचा उकिरडा आता आपला राहिला नाही हे कोंबड्यांना कोण समजावणार? डंपरवाला थांबलासुद्धा नाही.

आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून पिसं गोळा करत होत्या आणि गळा काढून रडत होत्या. उचगाव फाट्यावर थांबलेली अख्खी बस खिडक्यांतून आमच्याकडे बघत होती. त्या बसमध्ये माझ्या शाळेतलं कुणी नसेल ना, हा माझ्या मनातला पहिला विचार. तांबडीचा विचार दुसरा. आत्तींचा तिसरा. लाज वाटली, आणि आपल्याला कशाची लाज वाटली हे कळल्यावर आणखी वाटली.

मलकापूरला माझ्या माहेरी कोंबड्या नव्हत्या. वडील कारकून, घरात पुस्तकं, भिंतीवर बाबासाहेब, आणि अंगणात एक स्वच्छ तुळतुळीत फरशी. लग्न होऊन इथे आल्याला दोन वर्षं झाली तरी सकाळी शाळेची साडी नेसून बाहेर पडताना कोंबडीच्या घाणीत पाय पडला की माझं डोकं फिरतं.

पण आज संध्याकाळी हे कामावरून आले आणि एक गोष्ट सुचली. हे हायवेच्याच ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळतात. अंगात ते भडक नारंगी जाकीट, छातीवर रेडियमच्या पट्ट्या. हे भर रस्त्याच्या मधून चालत आले आणि दोन ट्रक त्यांना वळसा घालून गेले. मी म्हटलं, ‘फाटलेली जाकिटं टाकून देता ना? उद्या घेऊन या.’

९ डिसेंबर

माहेरची शिलाई मशीन आज पहिल्यांदा मनापासून चालवली. मान घालायला एक भोक, पंखांना दोन, पोटाखालून पट्टा, पट्ट्याला बटण. पाठीवर रेडियम.

पहिला मान कोंबड्याला. जाकीट घातल्या घातल्या तो एकदम आडवा झाला, मेल्यासारखा. आत्ती किंचाळल्या. मग तो उठला आणि उलटा चालायला लागला, थेट मोरीत जाऊन बसला. टिपकीनं पट्टी चोचीनं उपटायचा सपाटा लावला. बोडकी मात्र दोन मिनिटांत दाणे टिपायला लागली, ती मुळातच बिनलाजी.

आत्ती हसून हसून दमल्या. ‘अगं, ह्या कोंबड्या आपल्या का ठेकेदाराच्या?’ म्हणाल्या. मलाही हसू आवरेना. या घरात आम्ही दोघी अशा एकत्र हसलो, हे कधी झालंय ते आठवत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

चालतंय! आज एका टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, खाली उतरला, कोंबड्यांकडे बघत राहिला, डोक्याला हात लावला आणि निघून गेला. आठवडाभरात एकही गेली नाही.

आत्तींचं मात्र वेगळंच. दिवसभर दारात बसून असतात, तोंड उघडं. ‘ती बग टिपकी. त्यो बग कोंबडा, चिंचंखाली.’ एरवी संध्याकाळी एकेकीला हातानं चाचपून खुराड्यात घालायच्या आणि चुकायच्या. आज बसल्या जागेवरून सगळ्या सांगितल्या. लहान पोरासारखं कौतुक. मी म्हटलं, इतकं काय त्यात, कोंबड्याच तर आहेत. त्या म्हणाल्या, ‘तुला न्हाय कळायचं, पोरी.’ म्हातारपणी माणसाचं असं होत असेल.

दुपारी नेहमीप्रमाणे रस्त्याच्या पलीकडून आत्तींच्या मैत्रिणीची, धोंडुमावशींची बोंब. ‘सरूऽऽ! ये गंऽऽ!’ रोज तीच वेळ, तोच आवाज, साऱ्या हायवेला ऐकू जाईल असा. मग आत्ती लुगडं सावरून लगालगा पलीकडे. दोन म्हाताऱ्या बायका, एक हाक आल्याशिवाय जात नाही आणि दुसरी बोंबलल्याशिवाय बोलावत नाही. रविवारी मी वह्या तपासत असते तेव्हा नको होतं.

१९ डिसेंबर

आज धोंडुमावशीच रस्ता ओलांडून आल्या. पदराखाली टोपली, टोपलीत कोंड्यात पुरलेली अंडी.

त्यांच्या शेतातल्या वस्तीवर मानमोडी आली. दोन दिवसांत सगळ्या कोंबड्या माना टाकून मेल्या. त्यांच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेली काळ्या कोंबड्यांची ती वेल. रोग यायच्या आधी घातलेली एवढीच अंडी उरलीत. म्हणाल्या, ‘सरू, आता ह्येवढंच हाय बग. तुझ्या हातानं बसीव.’

एक गोष्ट मला इथे आल्यावरच कळली. अंडी कोंबडीखाली कोण ठेवतं याला इथल्या बायका फार मानतात. आत्तींच्या हाताला गुण आहे म्हणतात. त्यांनी बसवलेल्या अंड्यांतलं एकही वाया जात नाही. गल्लीतल्याच नाहीत, पार मळ्यातल्या बायका अंडी घेऊन येतात. आत्ती बुट्टीत भुसा पसरतात, एकेक अंडं गालाला लावून मग ठेवतात, वर खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी बसवतात आणि मग सांगतात, आता पिल्लं निघेपर्यंत बुट्टीला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

मी या सगळ्याला हसते. पण आज धोंडुमावशी आमच्या उंबऱ्यात बसून चहा पीत होत्या तेव्हा यांच्या आजीची गोष्ट आठवली. मावशींच्याच घरात आजीला पाणी वरून ओंजळीत घालायचे. आज त्या घरची शेवटची अंडी आमच्या घरच्या हाताखाली. हातगुण खोटा असेल, ही गोष्ट खोटी नाही.

२३ डिसेंबर

थंडी फार. खुडूक दिवसातून एकदाच बुट्टीतून उठते, खाते, पाणी पिते, पण नेमकी रस्त्याकडे पळते. जाकीट नसलेली तेवढी एकच. मला राहवेना. तिच्यासाठी खास शिवलं, आतून यांच्या जुन्या स्वेटरचं अस्तर लावून, पोटाखालचा पट्टा चांगला रुंद. आज ती दाणे टिपायला उठली तेव्हा धरून घातलं. आत्ती पलीकडे गेल्या होत्या.

बुट्टीला हात लावलाच नाही, कोंबडीला लावला. कोपरा अंधारा आहे, त्यांच्या लक्षातही आलं नाही. पिल्लं निघाली की सांगेन, म्हणेन बघा, तुमच्या हातगुणाला माझ्या अस्तराची जोड. आतापर्यंतचं सगळ्यात सुबक जाकीट झालंय ते.

२८ डिसेंबर, रविवार

आज एक पेपरवाला आला, कॅमेरा घेऊन. येता जाता कोंबड्या बघितल्या म्हणे. आधी पाच मिनिटं नुसता हसत होता. मग विचारलं, ‘मॅडम, ही आयडिया कुणाची?’

तो तसा हसला नसता तर मी खरं सांगितलं असतं. निदान मला तसं वाटतं. पण तो पोट धरून हसत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे शाळेतली शिक्षकांची खोली आली. मी म्हणाले, ‘सासूबाईंची. जुन्या वळणाच्या आहेत. हातानं शिवलीत सगळी. आम्ही काय बोलणार, म्हातारं माणूस.’

हे शेवटचं कशाला जोडलं, कोण जाणे.

आत्ती दारातच होत्या. त्यांचे कान उत्तम आहेत. पेपरवाला त्यांच्याकडे वळला, ‘आज्जी, तुम्ही शिवली?’ त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, ‘व्हय की. वाकळा शिवल्या, जाकिटाला काय हुतंय?’ आणि कोंबडा काखेत धरून फोटोला उभ्या राहिल्या. मी बाजूला सरकले.

तशा कोंबड्या त्यांच्याच आहेत. गोधड्या-वाकळाही त्या शिवतातच. म्हणजे अगदीच खोटं नाही.

३१ डिसेंबर

छापून आलं. ‘उचगावच्या कोंबड्याही ड्युटीवर!’ खाली आत्तींचा फोटो, आणि ‘सरुबाई आजींचं खूळ’ असा मजकूर. आडनाव नाही, हे नशीब.

शिक्षकांच्या खोलीत मोहितेबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. चहा सांडेपर्यंत हसल्या सगळ्याजणी. मग माझ्याकडे वळून, ‘अहो, तुमच्याच गावची की. ओळखता का हिला?’

मी म्हणाले, ‘नाही हो. गाव मोठं आहे.’

हे लिहिताना तोंडाला कडू चव येतेय. त्या बाईच्या हातची भाकरी डब्यात होती, आणि मधल्या सुट्टीत मी ती खाल्ली.

घरी आले तर आत्ती पेपर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ‘वाचून दाखीव.’ वाचलं. ‘खूळ’ हा शब्द गाळला. त्यांनी पानावरून हात फिरवला, ‘माझा फोटू कुठशी हाय?’ मी म्हटलं, हा काय, तुमच्या बोटाखाली. ‘बरा आलाय न्हवं?’ एवढंच विचारलं.

हे आले, पेपर बघितला. ‘आईनं शिवली?’ मी म्हटलं, ‘एवढं काय त्यात?’ मशीनखाली रेडियमची कातरणं पडली होती, ती यांनी झाडून काढली. मला ओरडले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

४ जानेवारी २००४, रविवार

आत्ती बाजाराला जाऊन आल्या. ‘आमच्या म्हशीला पण एक शीव की गं सरू!’ ‘नवऱ्याला शीव माझ्या, त्यो पण रस्त्यावरच पडलेला अस्तोय!’ असलं सगळं ऐकून आल्या आणि मला हसत सांगितलं. हसताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी म्हटलं, काढून टाकू जाकिटं, पुरे झालं हे. तर त्या एकदम रडवेल्या झाल्या. ‘नगं गं, ऱ्हाऊ दे. तुझ्या पाया पडतो, ऱ्हाऊ दे ती.’ सासूनं सुनेच्या पाया पडायची भाषा करायची, तेही कोंबड्यांच्या जाकिटासाठी! मला राग आला. गावानं केलेली चेष्टा मला झोंबते आणि ज्यांची चेष्टा होते त्यांना काहीच नाही, हा हट्ट कसला?

१० जानेवारी

कसं लिहू?

आज पिल्लं निघायची होती. धोंडुमावशी सकाळीच आल्या, बरोबर आमच्या गल्लीतली अंबूबाई आणि आणखी दोघी-तिघी. आत्तींनी बुट्टीला कान लावला. आवाज नाही. म्हणाल्या, कोमट पाणी आणा. जिवंत अंडं पाण्यात डोलतं. एकेक अंडं सोडलं. एकही हललं नाही. गप्प पडून राहिली सगळी.

मग आत्तींनी कोंबडीला उचललं आणि तिच्या पोटाखाली हात घातला. हात तिथंच थांबला.

त्या क्षणी मला कळलं. बसायच्या आधी कोंबडी आपल्या पोटावरची पिसं स्वतःच उपटून काढते, उघड्या कातडीची ऊब अंड्यांना लागावी म्हणून. मी त्या कातडीवर स्वेटरचं अस्तर बांधलं होतं. अठरा दिवस ती बिचारी अंडी उबवत होती आणि ऊब माझ्या जाकिटाच्या आत राहत होती.

आत्तींची बोटं पट्ट्यावरून बटणापर्यंत गेली. त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं, आणि मग मावशींकडे वळून म्हणाल्या, ‘मीच घाटलं गं, धोंडे. थंडीचं काकडत हुती म्हणून. माती खाल्ली मी.’

सगळ्या माझ्यासमोर होत्या. तोंड उघडायचं होतं एवढंच. मी पाण्याचं घमेलं उचललं आणि मोरीकडे गेले.

आतून ऐकू येत होतं. अंबूबाई म्हणत होती, ‘पेपरात नाव आलं आन् सरूला वारं लागलं. गेला हातगुण.’ धोंडुमावशींनी अंडी पदरात घेतली आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या.

१३ जानेवारी

अंबूबाईची कोंबडी खुडूक झालीय. तिनं अंडी पलीकडच्या गल्लीत नेऊन बसवली, आमच्या दारावरून, टोपली न झाकता.

आत्ती दारात बसतात. दुपारची हाक आली तरी दोन दिवस गेल्या नाहीत. मी काल विचारलं, बरं नाही का? ‘बरं हाय की.’ जाकिटाबद्दल मला एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडले असते. हे असं न बोलणं मला सोसत नाही. आणि माझं न बोलणं त्यांनी कसं सोसलं, हे लिहायला आज कुठे पेन उचललं.

वर्गात आज एका मुलीनं दुसरीची पेन्सिल मोडली आणि तिसरीचं नाव सांगितलं. मी तिला बाकावर उभं केलं. मग मलाच बघवेना, खाली बसवलं.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी रस्ता ओलांडून धोंडुमावशींकडे गेले. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. बसले नाही, उभ्या उभ्या सांगून टाकलं. ‘मावशी, जाकिटं मी शिवली. खुडूकीला मीच घातलं. आत्तींना ठाऊकसुद्धा नव्हतं.’

‘ठावं हाय,’ त्या म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या.

‘त्यांनी सांगितलं?’

‘ती कशाला सांगत्या? मला शपथ घाटल्या तिनं, गप ऱ्हा म्हणून. म्हणली, मास्तरीण हाय पोरगी, चार लोकांत तिची मान खाली नगं.’ मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. ‘अगं, सरूला सुईत दोरा तरी ओवता येतोय व्हय? तू नांदायला आलीस त्याच्या आदीपास्नं न्हाय येत. वाकळंच्या सुया माझ्या सुनंकडनं ओवून न्हेत्या. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय तिच्या.’

मी खालीच बसले.

‘जाकिटाचं त्ये भगभगीत तेवढं दिसायचं तिला. किती वरसांनी आपल्या कोंबड्या बगितल्या म्हणून हितं यिऊन सांगत हुती, रडत हुती. आन् दुपारची मी वरडतो ते काय हौस हाय व्हय मला? गाड्या न्हाईत बगून हाक दिल्याबिगार ती पाय उचलत न्हाय. न्हायतर कवाच गेली असती तुझ्या तांबडीसारकी.’

कोंबड्या चिरडल्या जाऊ नयेत म्हणून मी रात्री जागून जाकिटं शिवली. आणि घरातलं माणूस रोज एका हाकेच्या भरवशावर तोच रस्ता ओलांडत होतं. मी त्या हाकेवर वैतागत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

‘मावशी, तुमची वेल गेली माझ्यामुळं.’

‘गेली खरं,’ त्या म्हणाल्या. खोटा दिलासा दिला नाही. ‘पर कोंबड्या मिळतील दुसऱ्या. सरूचं नाव घालवलंस, त्येचं काय करतीस बग आता. ती मला सांगू देत न्हाय आन् तू सांगीनास.’

तिथूनच नळावर गेले. अंबूबाई होती, रविवारची सगळी गर्दी होती. सगळ्यांसमोर सांगितलं. पेपरवाल्याला काय बोलले तेही सांगितलं, ‘म्हातारं माणूस’ सकट. कुणी हसलं नाही. अंबूबाईनं घागर भरून घेतली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, ‘आमी त्या म्हातारीला तोंडाला यील ते बोललो, आन् तू आतनं ऐकत हुतीस व्हय?’

‘हो.’

‘शिकलेली हाईस म्हणं.’ दोन पावलं गेली आणि वळली. ‘अजून एक कोंबडी खुडूक हाय माझी. उद्या अंडी घिऊन येतो सरूकडं. पर तू बुट्टीजवळ फिरकायचं न्हाय.’

उद्या शाळेत मोहितेबाईंना सांगायचं आहे, फोटोतल्या बाई माझ्या सासूबाई आहेत म्हणून. ते नळावरच्यापेक्षा अवघड जाईल, हे मला माहीत आहे आणि त्याचीही लाज वाटते. परवा सुट्टी काढून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. यांना ठाऊक होतं का विचारलं, तर म्हणाले, थोडं कमी दिसतं एवढंच ठाऊक होतं, ती सांगायचीच नाही.

जेवताना आत्तींना विचारलं. ‘डोळ्यांचं मला का नाही सांगितलंत?’

त्या भाकरी कुस्करत होत्या. रागावल्या नव्हत्या. अगदी साधं बोलल्या, जणू मला ठाऊक असलेलीच गोष्ट.

‘तुला आदीच माझी लाज वाटत्या, पोरी. त्यात आंधळी म्हणून आनी कशाला भर घालायची?’

यांचा घास हातातच राहिला. ‘नाही हो आत्ती, असं काय बोलता?’ असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. आज त्यांच्याशी आणखी एक खोटं बोलायचं नव्हतं.